भिंतीवरची चित्रे का बिघडतात?



तुमच्या गावच्या शाळेच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा रंगवलेला असेल. शेजारी फळे, पक्षी, पाढे, बाराखडी असेल. उद्या त्या बाजूने जाल तेव्हा दोन मिनिटे थांबा आणि नीट पाहा. एखाद्या जिल्ह्याचा पोपडा निघाला आहे का? तांबडा रंग फिका गुलाबी झाला आहे का? खालच्या हातभर पट्ट्यात पांढरी पूड जमली आहे का? बोट फिरवले तर बोटाला रंग लागतो का? या चार खुणा चार निरनिराळ्या दुखण्यांच्या आहेत. आपण मात्र चारही दुखण्यांना एकच नाव देतो, 'रंग हलका होता.' आणि आरोपीही एकच धरतो, तो म्हणजे रंगारी.

मीही एकदा तेच केले होते. त्याची हकीकत आज सांगायची आहे, कारण त्या निमित्ताने मला जे शिकायला मिळाले ते खेड्यापाड्यांतल्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

मी राहतो पनवेल तालुक्यातल्या कोन गावी. द्रुतगती मार्ग आणि जुना पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तिथले हे गाव. शिकवतो इतिहास. म्हणजे रसायनशास्त्राशी माझे नाते एवढेच, की आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेने नवी खोली बांधली. तिच्या बाहेरच्या भिंतीवर चित्रे काढायचे ठरले. लोकांनी अठरा हजार रुपये वर्गणी जमवली आणि देखरेखीचे काम माझ्याकडे आले.

गिलावा मार्चअखेर झाला होता. एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन. त्या दिवशी पाहुणे यायचे होते. चित्रे काढायला आमच्या तालुक्यातले एक वयस्कर पेंटर बोलावले. दुकानांच्या पाट्या, ट्रकांची फळकुटे, देवळांचे खांब रंगवण्यात त्यांचे आयुष्य गेलेले. सगळे त्यांना पेंटरकाका म्हणतात. काकांनी भिंतीला तळहात लावला आणि मान हलवली.

"सर, भिंत अजून कच्ची हाय. एक पावसाळा जाऊ द्या."

मी म्हणालो, "काका, एक मेला कार्यक्रम आहे. पत्रिका छापून झाल्या."

"मंग निदान साधा रंग मारू. ऑइल पेंट नको."

"ऑइल पेंट धुता येतो, चकाकतो. मुलांचे हात लागणारच. तोच मारा."

काका पुढे बोलले नाहीत. आठ दिवसांत त्यांनी भिंतीवर असा महाराष्ट्र उभा केला की पाहुणे भाषण विसरून नकाशाच पाहत राहिले. जूनमध्ये पाऊस लागला. जुलैअखेर नकाशाच्या डाव्या कडेला फोड आले. गणपतीपर्यंत आमचे कोकण गेले. रंगाचे चिकट, सुरकुतलेले पापुद्रे लोंबू लागले. पश्चिम महाराष्ट्रावर डाग उठले. विदर्भ मात्र शाबूत होता.

गावात बोलणे सुरू झाले. काकांनी स्वस्तातला रंग आणला, वरचे पैसे खाल्ले. त्यांचे सहा हजार रुपये द्यायचे राहिले होते, ते समितीने अडवले. काका एकदा विचारायला आले आणि तसेच परत गेले. त्या बैठकीत मी हजर होतो. भिंत कच्ची आहे असे त्यांनी मला सांगितले होते, हे माझ्या तोंडून निघाले नाही. का निघाले नाही, ते मला चांगले ठाऊक आहे. तुम्हालाही समजेल.

दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक मित्रांना ती भिंत दाखवायला नेले. म्हटले, निदान रंग खरोखर हलका होता का ते तरी कळू द्या. ते हसले. म्हणाले, "आधी संशयितांची यादी करू. रंगाचा नंबर शेवटी."

आता ही चौकशी कळायची तर रंग म्हणजे काय हे आधी पाहिले पाहिजे. कोणताही रंग घ्या, त्यात मुख्यतः तीन वस्तू असतात. पहिली रंगाची बारीक पूड. तिला रंगद्रव्य म्हणतात. गेरू हे रंगद्रव्य, काजळी हेही रंगद्रव्य. दुसरी वस्तू म्हणजे ती पूड भिंतीला धरून ठेवणारा चिकटा. त्याला बंधक म्हणू. जुन्या काळी डिंक, सरस, तेल हे बंधक होते. ऑइल पेंटमध्ये तेलापासून बनवलेली अल्किड नावाची राळ असते. भिंतींच्या इमल्शन रंगात बहुधा ॲक्रिलिक नावाचे, प्लास्टिकच्या जातीचे द्रव्य असते. ते १९५० च्या दशकापासून प्रचारात आले. तिसरी वस्तू म्हणजे पातळ करणारे पाणी किंवा टर्पेंटाइन. ते उडून जाते. मागे उरतात पूड आणि चिकटा. चित्र बिघडते म्हणजे या दोहोंपैकी एकाला काहीतरी होते, किंवा दोघेही चांगले असून त्यांच्या पाठीमागची भिंत त्यांना साथ देत नाही.

पहिला संशयित ऊन. उन्हात डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. ते दोन प्रकारे घाव घालतात. एक म्हणजे बंधकाच्या साखळ्या तोडतात. चिकटा संपला की पूड मोकळी होते आणि बोटाला खडूसारखी लागते. दुसरे म्हणजे काही रंगद्रव्यांचा रंगच मारतात. रस्त्याकडेला बरेच दिवस राहिलेली छापील जाहिरात आठवा. ती निळसर पडते. तांबड्या आणि पिवळ्या शाईतली द्रव्ये उन्हात लवकर विटतात, निळे मात्र टिकाऊ असते, म्हणून शेवटी निळेच उरते. भिंतीच्या रंगांतही भडक तांबडे, पिवळे, जांभळे हे पुष्कळदा कारखान्यात बनवलेल्या सेंद्रिय द्रव्यांचे असतात आणि त्यांतले स्वस्त प्रकार उन्हाला टिकत नाहीत. गेरू आणि पिवळी माती ही लोखंडाची संयुगे. ऊन त्यांचे फारसे काही बिघडवू शकत नाही.

पांढऱ्याचीही एक गंमत आहे. बहुतेक पांढऱ्या रंगांत टायटॅनियमचे ऑक्साइड असते. त्याचे दोन स्फटिकप्रकार वापरात आहेत, ॲनाटेज आणि रूटाइल. पहिला उन्हात स्वतः तसाच राहतो, पण शेजारचा बंधक कुरतडतो. दुसरा त्या मानाने सज्जन. म्हणून बाहेरच्या भिंतीसाठी रूटाइलचा रंग बनवतात. 'बाहेरचा' आणि 'आतला' अशा दोन जाती डब्यावर लिहिलेल्या असतात त्यामागे अशी कारणे आहेत. पाच-पन्नास रुपये वाचवण्यासाठी आतला रंग बाहेर लावू नये.

आमची भिंत उत्तरेकडची, वर चार फूट पडवी. ऊन नावापुरतेच. बोटाला पूड लागत नव्हती. विदर्भाचा तांबडा रंग पहिल्या दिवसासारखा होता. ऊन सुटले.

दुसरा संशयित लोणा. भिंतीला खार फुटतो तो. वाळू खाडीची असेल, बोअरचे पाणी मचूळ असेल, विटा खाऱ्या जमिनीतल्या मातीच्या असतील, तर मीठ भिंतीत शिरते. पावसाळ्यात ते पाण्यात विरघळते. पाऊस सरला की पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जाते आणि मीठ तिथेच स्फटिक होऊन बसते. नुसते बसत नाही, वाढते. बीज रुजताना जमीन फोडते तसे ते वाढताना रंगाला आणि गिलाव्याला आतून रेटते. वर्षातून अनेकदा ही भरती-ओहोटी चालली की कितीही चांगला रंग असला तरी पापडासारखा सुटतो. पापुद्र्याच्या पाठीला गिलाव्याची भुकटी चिकटून आलेली असेल, तर ओळखावे की रंगाने पकड सोडली नाही, भिंतच सुटली.

पांढरी पूड दिसली तर एक सोपी परीक्षा करता येते. थोडी पूड पाण्यात टाका. विरघळली तर बहुधा मीठ. विरघळली नाही, पण व्हिनेगरच्या थेंबाने फसफसली, तर तो चुन्याचा खडू. आमच्या भिंतीवर पूड फारच थोडी होती, ती विरघळली नाही, फसफसली. मीठही सुटले.

तिसरा संशयित शेवाळ आणि बुरशी. आपल्या कोकणपट्टीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. चार महिने भिंत ओली. हिरवे शेवाळ आणि काळ्या ठिपक्यांची बुरशी आलीच. पुष्कळ इमल्शन रंगांत दाटपणासाठी घातलेले पदार्थ बुरशीला खाद्य म्हणून चालतात, म्हणून कारखानदार त्यात बुरशीनाशक घालतात आणि पावसाने ते हळूहळू धुऊन जाते. आमच्या भिंतीवर काळे ठिपके होते, पण ते फोडांच्या नंतर आलेले. घर पडल्यावर आत शिरणाऱ्यांना घर पाडणारे म्हणता येत नाही.

आता उरली भिंत. मित्रांनी पिशवीतून हळदीची पुडी काढली. वाटीत पाणी घेऊन हळद कालवली. एका फोडाखालचा रंग सुरीने उचलला आणि उघड्या गिलाव्यावर कापसाच्या बोळ्याने हळद लावली. पिवळी हळद डोळ्यांदेखत तांबडी झाली, कुंकवासारखी.

श्रोत्यांतल्या आयाबहिणींना यात नवल वाटणार नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो. घरी कुंकू करताना हळदीला चुन्याचे पाणी देतात ते याच कारणाने. हळदीतले द्रव्य चुन्यासारख्या, सोड्यासारख्या पदार्थांच्या संगतीत रंग बदलते. शास्त्रात या गुणाला अल्कधर्म म्हणतात. तो मोजण्याची शून्य ते चौदा अशी पट्टी आहे. शुद्ध पाणी सातावर. ताजा सिमेंटचा गिलावा बारा-तेराच्या घरात. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते तेव्हा त्यातून चुना सुटतो आणि हा तिखटपणा त्या चुन्याचा असतो. गवंड्याच्या हाताची कातडी जाते ती उगीच नाही.

पण हळद फार हळवी साक्षीदार आहे. थोड्याशा अल्कालाही ती तांबडी होते. म्हणून मित्रांनी प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंबही टाकले. हे सौम्य अल्कापाशी रंगहीन राहते आणि तिखट अल्कापाशीच गडद गुलाबी होते. कोकणाखालचा गिलावा गुलाबी झाला. शाबूत विदर्भाच्या कडेला सुरीच्या टोकाने लहानसे छिद्र पाडून तिथेही थेंब टाकला. तोही गुलाबी! मी गोंधळलो. दोन्हीकडे भिंत सारखीच तिखट, मग कोकणच का गेले?

मित्र काही न बोलता वर पाहत होते. पन्हळीचा पाइप नकाशाच्या डाव्या कडेने खाली आला होता आणि त्याचा सांधा उघडा होता. सबंध पावसाळा तिथून भिंतीत पाणी मुरत होते.

गुन्हा उलगडला तो असा. अल्कधर्मी पदार्थ आणि तेल एकत्र आले की साबण होतो. आपल्याकडे घरी साबण करतात तो खोबरेल आणि कॉस्टिक सोडा यांचाच. ऑइल पेंटचा बंधक मुळात तेलाचा. कच्च्या भिंतीतला अल्क त्याला भेटला आणि रंगाच्या पोटात साबण होऊ लागला. याला साबणीकरण म्हणतात. म्हणून पापुद्रे चिकट झाले होते. ओल्या बोटाने चोळले तर ते बुळबुळीत लागून निघत होते. पण अल्काला चालायला पाणी लागते. कोरड्या भिंतीत तो निजून असतो. विदर्भाच्या बाजूला तो निजलेला होता, कोकणाच्या बाजूला पाइपाने त्याला जागे केले.

आणखी एक गोष्ट. ताज्या गिलाव्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत हळूहळू निवळतो, खडू होतो. भिंत 'पिकते' असे म्हणा ना. त्यासाठी तिला हवा लागते. आम्ही मात्र महिनाभरातच तिच्यावर ऑइल पेंटचा घट्ट पडदा टाकला. हवा आत जाईना, ओल बाहेर येईना. लावणीच्या वेळी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतला की पाऊस लागत नाही, पण माणूस आतल्या घामानेच भिजतो. पानांच्या इरल्याखाली तसे होत नसे. ऑइल पेंट हा भिंतीचा प्लास्टिकचा कागद. साधा रंग म्हणजे तिचे इरले. काकांनी दोन वाक्यांत हेच सांगितले होते. भिंत कच्ची हाय, आणि ऑइल पेंट नको. साबणीकरण हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, एवढेच.

तरी रंगावरचा आळ पुरता जायला हवा होता. मित्रांनी काकांकडे उरलेला डबा मागवला. त्यातला रंग काचेवर आणि जुन्या, पिकलेल्या भिंतीच्या एका तुकड्यावर लावून ठेवला. दोन महिन्यांनी दोन्ही चकचकीत आणि घट्ट होते. रंग चांगल्या कंपनीचा होता, पावतीप्रमाणेच होता.

शिक्षकबंधूंनो, ही सारी चौकशी आम्ही हळद, व्हिनेगर, सुरी आणि प्रयोगशाळेतल्या एका बाटलीवर केली. मोठ्या चित्रांसाठी शास्त्रज्ञ हेच काम अधिक बारकाईने करतात. तिळाएवढा रंगाचा कण घेतात, पारदर्शक राळेत बसवतात, आडवा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. विहीर खणताना काठावर उभे राहिले की वर माती, मग मुरूम, मग कातळ असे थर दिसतात. तसे त्या तिळात गिलावा, पुट्टी, पहिला हात, दुसरा हात, वरची धूळ, सगळे एकावर एक दिसते. क्ष-किरण टाकून कोणते मूलद्रव्य आहे ते ओळखतात. लोखंड निघाले तर गेरूच्या जातीचा रंग, क्रोमियम आणि शिसे निघाले तर क्रोम यलो. अवरक्त किरणांनी बंधकाची जात कळते. आणखी खात्री हवी असेल तर कण हवेविना तापवून त्याचे तुकडे करतात आणि त्या तुकड्यांवरून मूळ पदार्थ ताडतात. राखेवरून लाकूड ओळखण्यातलाच हा प्रकार, मात्र फार काटेकोर.

कीथ हॅरिंग नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९८४ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला, १९८७ साली पॅरिसच्या एका रुग्णालयात आणि १९८९ साली इटलीत पिसा शहरी मोठमोठी भित्तिचित्रे काढली. हात एकाच चित्रकाराचा, पण गाव, हवा आणि भिंत वेगळी. रसायनतज्ज्ञांनी पुढे या तिन्ही चित्रांतल्या रंगांचे कण शेजारी शेजारी ठेवून तपासले. कारण कारखान्याच्या रंगाने काढलेल्या चित्राचे औषध ठरवायचे तर आधी तो रंग कशाचा आहे हे कळले पाहिजे. एका बंधकाला जे द्रव साफ करते तेच दुसऱ्याला विरघळवून टाकते.

औषधाची गोष्ट निघाली म्हणून अजिंठ्याचे सांगतो. इतिहासाच्या माणसाला एवढी मोकळीक द्या. आमच्या समितीत एकाने सुचवले होते की उरलेल्या नकाशावर व्हार्निशचा हात मारावा, म्हणजे तो तरी वाचेल. अजिंठ्याला अगदी हेच घडलेले आहे. तिथले बहुतेक चित्रकाम इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. बेसाल्टच्या खडकावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू, वर पातळ पांढरा थर आणि त्यावर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि परदेशातून आलेला निळा दगड लाजवर्द. एस. परमशिवन् यांनी १९३० च्या दशकात या थरांचे रासायनिक पृथक्करण केले. १९२० ते १९२२ या काळात त्या वेळच्या निजाम सरकारने इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावले होते. त्यांनी सुटू लागलेला गिलावा जागेवर बसवला, हे त्यांचे मोठेच काम. पण चित्रे पक्की व्हावीत म्हणून मद्यार्कात विरघळवलेली लाखही त्यांवर दिली गेली. नकला करणाऱ्यांनी त्याआधीही काही चित्रांवर व्हार्निश दिलेले होते. काही वर्षांत ती लाख पिवळी पडली, मग तपकिरी झाली, धूळ आणि काजळी धरून बसली, आणि आकसताना खालच्या रंगाला ओढू लागली. १९५३ साली अजिंठा भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आला. नंतरच्या रसायनतज्ज्ञांना तो थर वीत वीत करून उतरवत बसावे लागले. दीड हजार वर्षे टिकलेला गेरू खाली तसाच होता. बाधले ते प्रेमाने घातलेले पांघरूण. तेव्हा बिघडलेल्या चित्रावर न तपासता काहीही फासू नये. जे लावाल ते पुढे उतरवता येईल का, हे आधी विचारावे.

आणि प्रत्येक चित्र टिकलेच पाहिजे असेही नाही. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत लग्नाला सुवासिनी चौक लिहितात. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. तो चौक शंभर वर्षे राहावा म्हणून कोणी लिहीत नाही. पुढच्या लग्नाला भिंत पुन्हा सारवतील, चौक पुन्हा लिहितील. जिव्या सोमा म्हसे यांनी ती रेघ कागदावर आणली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. कागदामुळे ती कला जगभर पोचली, पण भिंतीवर ती जगली ती हात बदलत राहिल्याने. भिंत कच्ची असेल आणि मुलांपुढे चित्र तर हवेच असेल, तर ही वाट आपल्यालाही मोकळी आहे. चुन्याचा हात द्यावा, गेरूने मुलांकडूनच चित्र काढून घ्यावे आणि दरवर्षी नवे करावे. कच्च्या भिंतीचे आणि चुन्याचे भांडण नाही. तो तिचाच सोयरा.

आता शिक्षकांसाठी चार कामाच्या गोष्टी सांगतो. नवा गिलावा झाल्यावर रंगवण्याची घाई करू नका. जमले तर एक हिवाळा आणि एक उन्हाळा त्याला मोकळा मिळू द्या. रंगवण्याआधी हातभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. आतल्या बाजूला दव असेल तर भिंत ओली आहे. मग हळदीचा प्रयोग करा, आणि हायस्कूलच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीन असेल तर तोही करा. मुलांना विज्ञानाचा एक धडा पुस्तकाबाहेर मिळेल. पन्हळी, पाइप, छपराची गळती यांची दुरुस्ती चित्राच्या आधी करा, कारण पाण्याची वाट बंद केल्याविना कोणताही रंग कामाचा नाही. बाहेरच्या भिंतीला अल्क सोसणारे प्रायमर आणि त्यावर बाहेरचे ॲक्रिलिक इमल्शन वापरावे. खालचा दोन फुटांचा पट्टा नुसता चुन्याचा ठेवावा, म्हणजे जमिनीतून चढणारी ओल तिथूनच निघून जाईल.

एक सावधगिरीही सांगतो. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी आणि तांबड्या, शिसे असण्याचा संभव असतो. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आली. त्याआधीचे रंग भिंतींवर अजून आहेत. ते मुलांकडून कधीही खरवडून घेऊ नका. शाळेला सुट्टी असताना, भिंत ओली करून, नाकातोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावून मोठ्या माणसांनी ते उतरवावे आणि पोपडे गोळा करून मुलांपासून दूर ठेवावेत.

आमच्या भिंतीचे पुढे काय झाले ते सांगून संपवतो. मित्रांनी सगळे तपासून झाल्यावर वही मिटली आणि मला म्हणाले, "माझे काम झाले. आता तुमचे." समितीच्या पुढच्या बैठकीला मी हळद आणि वाटी घेऊन गेलो. सगळ्यांना भिंतीपाशी नेले, हळद तांबडी करून दाखवली, पाइपाचा सांधा दाखवला. मग मार्चमध्ये काका काय म्हणाले होते आणि मी काय उत्तर दिले होते, ते जसेच्या तसे सांगितले. कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे पेंटरचा काय बी दोष नव्हता." मी म्हणालो, "नव्हता. माझा होता."

सहा हजार रुपये पोचवायला मी स्वतः गेलो. काका ओटीवर बसून कुठल्याशा देवळाची पाटी लिहीत होते. त्यांनी पैसे मोजले नाहीत, उशाला ठेवले. सांगितलेले सगळे ऐकून घेतले. साबणाची गोष्ट त्यांना फार आवडली. मग त्यांनी एकच विचारले, "सर, हे तुमी तवा बैठकीत का नाय बोलले?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

सबंध वर्षभर ती भिंत आम्ही उघडी ठेवली. येणारे-जाणारे विचारायचे, मुलेच त्यांना सांगायची, "भिंत पिकतेय." दुसऱ्या मे महिन्यात काकांनी हळद लावून पाहिली, प्लास्टिक लावून पाहिले, तळहात लावून पाहिला. शेवटचा भरवसा त्यांनी तळहातावरच ठेवला. मग महाराष्ट्र पुन्हा उभा राहिला, जिल्ह्यांना गेरूच्या आणि पिवळ्या मातीच्या जातीचे रंग, समुद्राला तेवढा निळा. त्यावरून आता चार पावसाळे गेले आहेत. कोकण जागेवर आहे.

तुमच्या गावात कुठे भिंतीवरचे चित्र सुटलेले दिसले, तर रंगाऱ्याला बोल लावण्याआधी चमचाभर हळद घेऊन जा.